त्रेचाळीस नंबर आणि तीन टिपके

संघपालराव सोनकांबळे रिटायर झाल्याचे पेढे घेऊन गावी आप्पासाहेबांकडे गेले. आप्पासाहेबांनी पेढा घेतला, पाठीवर हात ठेवला आणि आत चहा सांगितला. चहाला वेळ लागत होता. तेवढ्यात जरा पाय मोकळे करावेत म्हणून संघपालराव उठून घराच्या मागच्या बाजूला गेले. चहा वेळेवर आला असता तर पुढची सगळी भानगड टळली असती.

मागे गोठ्याच्या भिंतीला लागून ट्रॅक्टर उभा होता. एके काळी तो लाल होता, आता गंजाचा आणि त्याचा रंग वेगळा काढता येत नव्हता. चाकं मातीत रुतलेली, सीटच्या जागी पोत्याची गुंडाळी, आणि बोनेटवर धडपा अंथरून आप्पासाहेबांच्या सुनेनं, शिल्पानं, मिरच्या वाळत घातलेल्या. हा ट्रॅक्टर संघपालरावांच्या वडिलांनी, दगडोबांनी, बावीस वर्षं आप्पासाहेबांकडे चालवला होता. दगडोबा गेले आणि त्याच साली ट्रॅक्टर इथे येऊन लागला, तो पुन्हा हलला नाही.

संघपालराव परत येऊन बसले, चहाचा कप हातात घेतला आणि सहज म्हणाले, "आप्पासाहेब, तो मागचा ट्रॅक्टर मला द्यायचा का?"

"घेऊन जा की," आप्पासाहेब म्हणाले.

संघपालरावांना पहिला संशय आला तो इथे.

त्याचं असं आहे, की संघपालराव बत्तीस वर्षं तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत स्टोअरकीपर होते. (कुठल्या ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून ओळख ठेवून आहेत.) बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला साधी टाचणीसुद्धा दोन प्रश्न विचारल्याशिवाय दिली नव्हती. आणि इथे एक माणूस चहा निवायच्या आत अख्खा ट्रॅक्टर देऊन मोकळा होत होता.

"इंजिन आहे ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"असंल की. कोन नेतंय?"

एवढ्यावर विश्वास ठेवतील तर ते संघपालराव कसले. त्यांनी मिरच्यांचा धडपा उचलून बाजूला ठेवला, बोनेट वर केलं आणि वाकून पाहिलं. इंजिन होतं. जागच्या जागी, अख्खं. त्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. इंजिन आहे, तर देतात कशाला?

"न्या तुमी," मागून शिल्पा म्हणाली, "पन माझ्या मिरच्या कुठं वाळवू ते सांगून जावा."

त्या घरात आज आपल्याशी सरळ बोललेलं हे पहिलंच माणूस, असं संघपालरावांना वाटलं. त्यांनी भंगारच्या भावाने पैसे दिले आणि आप्पासाहेबांकडून लिहून घेतलं: 'एक जुना लाल ट्रॅक्टर श्री. संघपाल दगडोबा सोनकांबळे यांना राजीखुशीने दिला.' खाली सही, सहीखाली तारीख, तारखेखाली शिल्पाची साक्षीदार म्हणून सही. कागद चार घड्या करून त्यांनी आतल्या खिशात ठेवला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

लोह्याला, म्हणजे तालुक्याच्या गावी, घरी आले तर बायको, बुद्धप्रिया, शाळेतून येऊन पेपर तपासत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय आणलं?"

"ट्रॅक्टर."

"लिहून घेतलं का?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला. या घरात मिक्सरवर सात नंबर होता, पोळपाटावर बारा आणि पाण्याच्या घागरीवर तेवीस. बाकीच्या बायकांच्या भांड्यांवर नाव असतं, बुद्धप्रियाच्या भांड्यांवर नंबर होते. ती आता कशालाच दचकत नसे.

दचकली ती उमाबाई, संघपालरावांची आई. त्र्याऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांनी बेजार झालेली, भिंतीला टेकून बसली होती ती ताठ झाली.

"कंचा ट्रॅक्टर? आप्पाचा? तुझ्या बापाचा?"

"हाव, आई."

"त्येच्यावर मला एकदा बसव," उमाबाई म्हणाली. "बावीस वर्सं म्या त्येच्यामागं भाकरीचा डबा घेऊन चालले. एक डाव म्हनलं, बांधापातुर बसू द्या, पाय पोळायलेत. तर म्हनला, मालकाची चीज हाय उमा, आपली न्हाई. त्यो पुढं फटफट फटफट, आन मी आपली मागं."

संघपालराव म्हणाले, "बुद्धपौर्णिमेला तुला लोह्यातून बसवून गावच्या विहारापर्यंत नेतो. तुझ्या मुलाचा ट्रॅक्टर आहे आता."

"ह्याच पौर्निमेला ने," उमाबाई म्हणाली. "म्होरच्या पौर्निमेचं माझं मी सांगू शकत न्हाई."

मध्ये दोन महिने होते. संध्याकाळपर्यंत उमाबाईने ही बातमी सगळ्या गल्लीला सांगून टाकली, त्यामुळे संघपालरावांना आता मागे फिरायला जागा उरली नाही.

ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढत वाजिद मिस्त्रीच्या गॅरेजला आणला. वाजिद पंचावन्नचा, शांत, दाढी अर्धी पांढरी. लोहा-कंधार भागात जुन्या ट्रॅक्टरचं काम करावं तर त्यानेच, असं सगळे म्हणत. सगळे एकच गोष्ट म्हणायला लागले की संघपालरावांना त्यात काहीतरी शिजतंय असं वाटायचं. वाजिदने ट्रॅक्टरला एक फेरी मारली, मडगार्डवर हात फिरवला आणि स्वतःशीच हसला.

"काय झालं हसायला?" संघपालरावांनी विचारलं.

"काई न्हाई साहेब. जुनी वळख हाय. सगळा अस्सल माल हाय ह्याच्यात. आसा माल आता मिळत न्हाई."

झालं. 'अस्सल माल, आता मिळत नाही' हे शब्द संघपालरावांच्या डोक्यात जाऊन बसले. अस्सल माल काढायचा, डुप्लिकेट बसवायचा आणि अस्सल नांदेडला नेऊन विकायचा, हा सगळा व्यवहार त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागला. रात्री ते तीनदा उठून पाणी प्यायले.

सकाळी त्यांनी माळ्यावरून आपला साचा काढला. हा पत्र्याचा साचा त्यांनी नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने करून घेतला होता, म्हणून रिटायर होताना तो घरी आला. (त्याची पावती आहे.) साच्यात 'शा. मा.' एवढी अक्षरं कापलेली, म्हणजे शासकीय मालमत्ता, आणि पुढे नंबरासाठी जागा. कचेरीतल्या प्रत्येक टेबलाच्या पायावर आणि पंख्याच्या पात्यावर संघपालरावांनी याच साच्याने पांढरा रंग लावला होता. ट्रॅक्टर सरकारी नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. पण जिल्ह्यातला एकही भंगारवाला 'शा. मा.' लिहिलेल्या वस्तूला हात लावत नाही, हेही ठाऊक होतं. साचा आपला, रंग आपला, ट्रॅक्टर आपला, मग अडचण कुठे आहे?

तीन दिवस खपून त्यांनी त्रेचाळीस भागांवर नंबर टाकले. इंजिन एक नंबर, रेडिएटर दोन, असं करत टूलबॉक्सचं झाकण त्रेचाळीस. रंग त्यांनी बाजारातला सगळ्यात चिवट आणला होता. वाजिद बाजूला बसून चहा पीत बघत होता.

"साहेब, हे कशाला करून राहिले?"

"असू द्या. हिशोबाला बरं."

नंबर टाकता टाकता संघपालरावांना एक गोष्ट मात्र दिसली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. प्रत्येक भागावर, कुठेतरी कोपऱ्यात, लोखंडात ठोकलेले तीन बारीक टिपके होते. इंजिनावर तीन, डायनॅमोवर तीन, हेडलाइटच्या कड्यावर तीन. म्हणजे मिस्त्रीने आपली खूण आधीच टाकून ठेवली. कुठला भाग कुणाला विकायचा ते ठरवून. त्यांनी प्रत्येक ठिकाणी त्या टिपक्यांच्या बरोबर डोक्यावर 'शा. मा.' मारलं आणि समाधानाने ब्रश पुसला.

पौर्णिमेला बारा दिवस राहिले असताना अकरा नंबर गायब झाला. अकरा नंबर म्हणजे डिझेलचा पंप. संघपालराव गॅरेजमध्ये पोचले तर पंप खोलून ठेवलेलं टेबल रिकामं, आणि समोर स्टँडवर वाजिद खांद्याला पिशवी लावून नांदेडच्या गाडीत चढताना दिसला. पिशवी जड होती.

संघपालराव मागच्या दाराने चढले, शेवटच्या सीटवर बसले आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता, पण त्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. दोन स्टॉप गेल्यावर कंडक्टर आला. संघपालरावांनी पेपराआडूनच हात पुढे करून हळूच म्हटलं, "एक नांदेड."

"तुमचं निघालंय," कंडक्टर म्हणाला. "त्ये पुढं मिस्त्री बसलेत ना, त्यांनी दोन घेतलेत. म्हनले, मागं पेपर वाचून राहिले त्ये माझ्यासंगट हायेत."

उरलेला प्रवास संघपालरावांनी पेपराच्या आडच केला, कारण पेपर खाली घेणं आता जास्त अवघड होतं. नांदेडला उतरल्यावर वाजिद त्यांच्यासाठी थांबला होता. "साहेब, येनार म्हनले असते तर बिलकीसनं भाकर दोघांची बांधली असती," तो म्हणाला. बिलकीस त्याची बायको. संघपालरावांनी पाठलाग केला तो असा.

वाजिद त्यांना सरळ वकारच्या दुकानात घेऊन गेला. वकार पंप आणि नोझल दुरुस्त करायचा, मराठवाड्यातून लोक त्याच्याकडे येत. म्हणजे पंप विकायला नाही, दुरुस्तीला आणला होता. संघपालराव मनातल्या मनात खजील झाले. पण ते खजील होणं पुरतं होतंय न होतंय, तोच वकारने पंप उलटा केला, पांढरी अक्षरं वाचली आणि हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे तो सरकारी हाय. पत्र कुठाय?"

"सरकारी नाही, माझा आहे," संघपालराव म्हणाले.

"सगळे ऐसाच म्हनतेत."

"अहो, ती अक्षरं मीच लिहिलीत."

"तुमी सरकारी साहेब हायेत?"

"होतो. आता नाही."

वकारने वाजिदकडे पाहिलं. वाजिदने छताकडे पाहिलं. बत्तीस वर्षं संघपालराव काउंटरच्या आतल्या बाजूला बसून समोरच्याला 'पत्र कुठे आहे' विचारत आले होते. आज ते बाहेरच्या बाजूला उभे होते, आणि तिथून काउंटर बराच उंच दिसत होता. वकारने पंपाचा फोटो काढला. त्याचा मावसभाऊ संघपालरावांच्याच जुन्या कचेरीत शिपाई निघाला. "खातरी करून घेतो," वकार म्हणाला, "उद्या भानगड नको."

खातरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गॅरेजमध्ये आली. तिचं नाव रेणुका. संघपालरावांच्या जागेवर आलेली नवी स्टोअरकीपर, हुशार पोरगी. तिला सहा महिने त्यांनी स्वतः शिकवलं होतं. सोबत एक शिपाई, एक टेप, लाखेची कांडी आणि काखेत डेडस्टॉकचं, म्हणजे कचेरीतल्या सामानाचं, रजिस्टर.

"सर," रेणुका अवघडून म्हणाली, "साहेबांनी बघून यायला सांगितलंय."

"बघ ना, बघ," संघपालराव म्हणाले. "माझाच ट्रॅक्टर आहे."

तिने रजिस्टर उघडलं आणि इंजिनाजवळ वाकली. "शा. मा. एक. रजिस्टरला एक नंबरला साहेबांची फिरती खुर्ची आहे, सर."

"ती खुर्ची कचेरीत आहे. हे इंजिन आहे."

"दोन नंबर, टायपिंगचं टेबल."

"ते रेडिएटर आहे, रेणुका."

"सतरा नंबर, भिंतीवरचं घड्याळ." तिने हेडलाइटकडे पाहिलं, मग संघपालरावांकडे. "आणि अकरा नंबर स्टीलचं कपाट. ते कुठंय?"

"नांदेडला हाय," वाजिद म्हणाला. "रिपेरीला."

रेणुकाने 'कपाट नांदेडला' असं काहीतरी लिहिलं. त्यांनी आतल्या खिशातून आप्पासाहेबांचा कागद काढला. रेणुकाने तो दोनदा वाचला.

"यात 'एक जुना लाल ट्रॅक्टर' असं लिहिलंय. तो हाच कशावरून, सर? नंबरप्लेट नाही. चेसिसची पट्टी गंजून गेलीय. कागदातला ट्रॅक्टर आणि हा ट्रॅक्टर एकच, याला पुरावा काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तो संघपालरावांचाच होता. जाताना त्यांनी चौदा पानांचं टिपण लिहून तिला दिलं होतं, आणि त्यात पान नऊवर लाल शाईने होतं: 'रजिस्टरला नोंद नाही पण वस्तूवर खूण आहे, तर ती वस्तू आधी सील करावी, चौकशी मागाहून. समोरचा माणूस ओळखीचा असल्यास जास्त काळजी घ्यावी.'

"सर, तुम्हीच शिकवलंय," रेणुका म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच रडवेला झाला होता. शिपायाने स्टेअरिंगला सुतळी बांधली आणि गाठीवर लाख ओतली.

घरी ही बातमी सांगायची हिंमत संघपालरावांना झाली नाही. पण गल्लीने ती आधीच पोचवली होती. उमाबाईने पौर्णिमेसाठी काढलेलं पांढरं लुगडं घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवलं, आणि ट्रंकेचं झाकण लावल्याचा आवाज संघपालरावांना फार लागला. आपण जगातल्या सगळ्या चोरांपासून ट्रॅक्टर वाचवला आणि शेवटी तो आईच्याच हातून काढून घेतला, हे त्यांना त्या आवाजाने कळलं.

"साहेबांना भेटा ना," बुद्धप्रिया म्हणाली.

"ते म्हणतील, पुरावा आणा."

"मग आणा."

"कुठून आणू? गावातले लोक सांगतील. पण माणसाच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत."

"हे पण तुमच्या टिपणात आहे का?"

"पान चारवर," संघपालराव म्हणाले.

तीन दिवसांनी रेणुका पुन्हा चौकशीला आली. या वेळी बुद्धप्रिया रजा टाकून गॅरेजमध्ये आली होती आणि उमाबाईही हट्टाने रिक्षात बसून आली. येताना तिने जुन्या सवयीने भाकरीचा डबा आणला होता. ट्रॅक्टर आहे तिथे भाकर घेऊन जायचं, एवढंच तिच्या पायांना ठाऊक होतं.

"सर," रेणुका म्हणाली, "तुमच्या नंबराच्या आधीची एखादी खूण आहे का यावर? जुनी, पक्की?"

इतके दिवस पोटात ठेवलेलं संघपालरावांना आता राहवेना. "खूण आहे," ते म्हणाले, "पण माझी नाही. मिस्त्रीची आहे. प्रत्येक भागावर यांनी तीन टिपके ठोकलेत. मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. मला वाटलं होतं, यांचा माल बदलायचा विचार आहे."

वाजिदने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि त्याला राग आला नव्हता ही गोष्ट संघपालरावांना सगळ्यात जास्त बोचली.

"साहेब, ते टिपके ठोकले तवा मी दहा वर्साचा होतो," तो म्हणाला. "हा ट्रॅक्टर माझ्या अब्बाकडं यायचा रिपेरीला. तुमचे वालिद आनायचे. लिहिता येत नव्हतं त्यानला, म्हून छिन्नी घेऊन बसायचे, आन एकेक पुर्जा खोलायच्या आधी तीन टिपके मारायचे. अब्बानं माल बदलू नये म्हून. अब्बाला लई राग यायचा. मला म्हनायचे, ह्या मानसाचा अल्लावर सुदीक भरोसा न्हाई. पहिल्या दिवशी मी हसलो ते ह्याच्यावर."

संघपालरावांचं तोंड उघडंच राहिलं. पण बत्तीस वर्षांची सवय, ती एवढ्याने थोडीच जाते. ते म्हणाले, "याला पुरावा काय?"

"घ्या," बुद्धप्रिया म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

तेव्हा उमाबाईने डब्यातल्या भाकरी फडक्यात काढल्या, डबा पालथा केला आणि रेणुकाच्या रजिस्टरवर ठेवला. ॲल्युमिनियमचा डबा, बुडाला तीन टिपके. शेजारी पांढऱ्या रंगात एकोणीस. तो नंबर संघपालरावांनी स्वतःच्या हाताने टाकला होता आणि टिपके त्यांना कधी दिसलेच नव्हते.

"शेतावर धा गडी जेवायचे," उमाबाई म्हणाली. "डबा बदलंल म्हून त्यानंच ठोकले. माझ्यावर बी भरोसा नव्हता त्येचा. म्हनायचा, तू बी दुसऱ्याचाच डबा उचलून नेशील."

रेणुकाने ब्लेड मागितलं. इंजिनावरचा 'शा. मा.' तिने हळूहळू खरवडला. खाली तीन टिपके, डब्यावर होते तेवढ्याच अंतरावर, मधला जरा तिरका. रेडिएटरवर तसेच. हेडलाइटवर तसेच. बेचाळीस भाग तिने एकेक करून तपासले, पंपावरचा रंग खरवडून त्याचा फोटो वकारला पाठवायला लावला, आणि संघपालराव प्रत्येक वेळी तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. एकही भाग बदललेला नव्हता. जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी बापाने ठोकलेलं सगळं जागच्या जागी होतं. संघपालरावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"ओळख पटली," रेणुकाने लिहिलं आणि लाख फोडली.

"म्हणजे हे घराण्यातच आहे," बुद्धप्रिया म्हणाली.

संघपालराव वाजिदसमोर जाऊन उभे राहिले. "मिस्त्री, मी तुमच्याबद्दल..."

"चाय घ्या साहेब," वाजिद म्हणाला. "तुमच्या वालिदनं बी एक डाव अशीच माफी मागितली हुती. अब्बानं बी चायच पाजली."

कचेरीच्या पत्रात एकच अट होती, सगळ्या भागांवरून 'शा. मा.' काढून टाकावं. संघपालराव पाच दिवस थिनर आणि चिंध्या घेऊन बसले. रंग त्यांनी स्वतः पारखून घेतलेला होता, तो निघता निघेना. दुकानदाराने त्या वेळी सांगितलं होतं, साहेब, हा जन्मात जात नाही. तेव्हा संघपालरावांचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.

पौर्णिमेच्या सकाळी पंप बसला. उमाबाई पांढरं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती, गल्ली जमली होती. वाजिदने सेल्फ मारला. ट्रॅक्टर दोनदा खोकला, तिसऱ्यांदा धडधडून उठला आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघाला. त्याच्या मागोमाग निघालं ते शिल्पाच्या मिरच्यांचं बी. वाजिदने कितीही साफ केलं तरी इतक्या वर्षांचं बी कुठे कुठे जाऊन बसलेलं, ते भाजून एकदम बाहेर आलं. सगळ्या गल्लीला असा ठसका लागला की वाजवायला आलेला पोरगा तुतारी टाकून पळाला. उमाबाई तेवढी जागची हलली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती त्या फटफटाटाकडे कान लावून बसली होती.

"त्योच आवाज हाय," ती म्हणाली.

ठसका ओसरल्यावर तिला चौघांनी उचलून मडगार्डवर गादी टाकून बसवलं. बसता बसता तिने मडगार्डवरून हात फिरवला. तिथे थिनर लावूनही पांढऱ्याची पुसट सावली राहिली होती. प्रौढ वर्गात ती अक्षरं शिकली होती, पण हे तिला लागेना.

"ह्ये काय लिव्हलंय?"

संघपालराव इकडे तिकडे पाहायला लागले. बुद्धप्रियाने सांगितलं, "शासकीय मालमत्ता. म्हणजे सरकारचं."

उमाबाईने मुलाकडे पाहिलं. "तुझा बाप बरा म्हनायचा," ती म्हणाली. "मालकाचं हुतं म्हून बसू देत नव्हता. तू तर सोताचं आसून सरकारचं करून ठिवलास."

वाजिद चालवायला बसला. (संघपालरावांना ट्रॅक्टर चालवता येत नाही हे एव्हाना कुणाला सांगायला नको.) दुसऱ्या मडगार्डवर जागा होती. संघपालराव तिकडे पाय टाकणार, तेवढ्यात उमाबाईने तिथे भाकरीचा डबा ठेवला.

"तू चालत ये," ती म्हणाली. "मागून काय पडतंय का, कोन काय काढून नेतंय का, बघत ये. त्येवढं तुला चांगलं जमतंय."

ट्रॅक्टर निघाला. उमाबाई मडगार्डला धरून ताठ बसली होती आणि ओळखीच्या प्रत्येक घरासमोर वाजिदला हॉर्न वाजवायला लावत होती. मागून संघपालराव भर वैशाखातल्या उन्हात चालत होते, आणि त्यांच्या मागे बुद्धप्रिया छत्री घेऊन. खरं सांगायचं तर ते रस्त्याकडे बघतच चालले होते.

गावच्या वेशीजवळ खड्ड्यात चाक आदळलं आणि ट्रॅक्टरखालून काहीतरी टणकन पडलं. संघपालराव धावले. बोटाएवढा एक नट होता, गरम. त्यांनी तो रुमालात धरून उलटासुलटा करून पाहिला. त्यावर तीन टिपके होते. नंबर मात्र नव्हता, कधी टाकलेलाच नव्हता. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून केलेल्या यादीतून चव्वेचाळिसावा सुटला होता.

"काय सापडलं?" बुद्धप्रियाने मागून विचारलं.

"काही नाही," संघपालराव म्हणाले आणि नट खिशात टाकला. खिसा पोळत होता, तरी विहार येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.